दगडावरील जमाखर्च आणि त्याचे साल



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून एका परिचित गृहस्थांनी आम्हांला दारातच गाठले आणि विचारले, "काय हो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांचा जमाखर्च, तोही फुटक्या दगडांवरचा! आता वसुली कोणाकडून करणार?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्यात तथ्य आहे. ज्यांनी पैसे उचलले ते गेले, ज्यांनी हिशेब तपासले तेही गेले. राहिले आहेत ते संगमरवराचे तुकडे, आणि त्या तुकड्यांवर बहुधा सालच नाही. साल होते, ते दगडाच्या माथ्यावर होते आणि माथा फुटला. ते साल परत कसे मिळवावयाचे, आणि ते मिळाले किंवा चुकले तर काय बिघडते, एवढेच आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

स्थळ अथेन्स, काळ मुख्यतः इ.स.पू. पाचवे शतक. पेरिक्लीस, सॉक्रेटिस, पार्थेनॉनचे मंदिर ही नावे आपणां सर्वांच्या ओळखीची आहेत. त्या काळाचा थोर इतिहासकार थ्युसिडिडीस. पण इराणी आक्रमणानंतरच्या सुमारे पन्नास वर्षांचे वर्णन त्याने थोडक्यात उरकले आहे आणि त्यात सालांची वानवा आहे. नेमक्या ह्याच पन्नास वर्षांत अथेन्सने मित्रनगरांच्या संघाचे आपल्या साम्राज्यात रूपांतर केले. तेव्हा हे कधी, कोणाच्या कारकीर्दीत, किती कठोरपणे झाले हे पाहावयाचे तर दगडांकडे जावे लागते. आणि त्या दगडांपैकी फार मोठा भाग अधिकाऱ्यांच्या हिशेबांचा आहे.

अथेन्समध्ये अधिकारी होणे सोपे होते. बहुतेक जागा चिठ्ठ्या टाकून भरल्या जात. अवघड होते ते अधिकारातून मोकळे होणे. वर्ष संपले की प्रत्येकाने हिशेब द्यावयाचा. अरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात चौथ्या शतकातील ही पद्धत वर्णिली आहे. दहा हिशेबतपासनीस, तेही चिठ्ठीने निवडलेले, त्यांच्या साहाय्याला दहा वकील, आणि शेवटचा निवाडा न्यायालयाचा. अफरातफर सिद्ध झाली तर दसपट दंड, लाच सिद्ध झाली तरी दसपट. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या माणसाला परदेशी जाता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, देवाला काही वाहताही येत नसे. कारण वाहिले ते कोणाचे, हाच तर प्रश्न!

ह्या तपासणीची धार किती तीक्ष्ण होती हे अँटिफॉन नावाच्या वक्त्याच्या एका भाषणावरून कळते. मित्रनगरांच्या खंडणीचे खजिनदार म्हणून नेमलेल्या एका मंडळावर एकदा अफरातफरीचा आरोप आला. एकामागून एक सर्वांना देहान्त शिक्षा झाली. शेवटचा एकटा उरला. त्याचे नाव सोसिआस. तो शिक्षेची वाट पाहत असतानाच पैसा कोठे गेला ते उघडकीस आले, आणि खजिनदार निर्दोष होते हे कळले. सोसिआस वाचला. बाकीच्यांचे काय, ते विचारू नका. जमाखर्चातील एका घोटाळ्याने इतकी माणसे जिथे मारली जात, तिथे हिशेब दगडावर का कोरून ठेवीत ह्याचे आश्चर्य वाटावयास नको. दगडावर एक प्रत असली की निदान पुढच्या वर्षी कोणी आकडे फिरवू शकत नाही. पेरिक्लीसने मात्र एका वर्षी दहा टॅलंट नुसते 'आवश्यक कामासाठी' म्हणून खर्ची टाकले आणि लोकांनी ते मुकाट्याने मान्य केले, असे प्लुटार्क सांगतो. ते स्पार्टाच्या राजाला परत फिरवण्यासाठी दिले, अशी बोलवा होती. असा खर्च मंजूर करून घ्यावयाचा तर पेरिक्लीसच असावे लागते.

आता प्रत्यक्ष दगडांकडे वळू. अथेन्सचे वर्ष उन्हाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपे. म्हणून आपण त्याचा निर्देश ४३४-३३ असा जोडसालाने करतो. प्रत्येक वर्षाला आर्कन ह्या अधिकाऱ्याचे नाव असे, आणि ह्या शतकातील आर्कनांची यादी जवळजवळ सलग मिळते. तेव्हा दगडावर आर्कनचे नाव शाबूत असले की काम संपले. ते क्वचितच शाबूत असते. पण हिशेबाच्या दगडांना एक अंगची सोय आहे: हिशेब एकटा उभा राहत नाही. मागची शिल्लक त्यात येते आणि त्याची शिल्लक पुढे जाते.

पार्थेनॉनच्या बांधकामाचा हिशेब घ्या. हे बांधकाम ४४७-४६ मध्ये सुरू झाले, आणि पंधरा वर्षांचे हिशेब एकाच संगमरवरी शिळेच्या चारही बाजूंवर कोरले गेले. आज त्या शिळेचे लहानमोठे तुकडे उरले आहेत. प्रत्येक वर्षाच्या हिशेबाला क्रमांक होता. चौदाव्या वर्षाच्या मथळ्यात 'ज्या सभेचा पहिला चिटणीस मेतागेनेस, ती चौदावी सभा' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि आर्कन क्रातेस ह्याचेही नाव आहे. क्रातेसचे वर्ष ४३४-३३. झाले! एका खुंटीला सबंध माळ टांगली गेली. तेरा मागे मोजले की पहिले वर्ष मिळते.

परंतु जिथे क्रमांकही गेला आहे तिथे? तिथे नाण्यांनी साहाय्य केले आहे. ह्या बांधकामाच्या खजिन्यात आशियातील दोन नगरांची परकी सुवर्णनाणी पडून होती: लांप्साकोसची सत्तरीच्या घरातली आणि कीझिकोसची सत्तावीस व वर एकषष्ठांश. ती कोणी खर्चलीच नाहीत! दर वर्षी जुन्या मंडळाने नव्या मंडळाला ती मोजून द्यावी आणि नव्याने ती 'मागील शिल्लक' म्हणून लिहावी, असे वर्षानुवर्षे चालले. आमच्या लहानपणी घरच्या वहीत एका खोट्या रुपयाची नोंद अशीच दर दिवाळीला पुढे ओढली जात असे. त्या बिनखर्चाच्या नाण्यांमुळे एखाद्या नावगाव नसलेल्या तुकड्यावर सत्तावीस आणि एकषष्ठांश दिसले की तो ह्याच शिळेचा, हे संशोधकाला तत्काळ ओळखता येते. त्याच चौदाव्या वर्षी देवीच्या मूर्तीच्या कामातून उरलेले सोने व हस्तिदंत विकले गेले. सोने वजनाने ९८ द्राख्मा, किंमत १३७२ द्राख्मा. भागाकार करून पाहा, सोन्याचा भाव रुप्याच्या बरोबर चौदापट निघतो. एखाद्या फुटक्या ओळीत वजन उरले आणि किंमत गेली असती, तरी अदमास करता आला असता.

इथे ग्रीकांच्या आकड्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते अंकांसाठी शब्दांची आद्याक्षरे वापरीत. दहाला 'देका', म्हणून डेल्टा हे अक्षर म्हणजे दहा, शंभराला 'हेकातोन', त्याचे आद्याक्षर म्हणजे शंभर, हजाराला 'खिलिओइ'चे. तीनशे लिहावयाचे तर शंभराचे अक्षर तीनदा. मोठा अंक डावीकडे, लहान उजवीकडे. ह्यात अडचण कोणती ते ध्यानात येईल. दगडाची डावी कड फुटली की आकड्यातील सर्वांत मोठा भाग जातो आणि उरते ती चिल्लर. अक्षरशः लाखाचे बारा हजार! आणि गेलेल्या एका अक्षराच्या जागी एक हजार होता की पाच हजार, हे जागा मोजून कळत नाही, कारण दोन्हींना एकच चिन्ह पुरते.

मजकुराच्या बाबतीत मात्र जागा मोजून पुष्कळ कळते. अथेन्सचे पाथरवट त्या काळी अक्षरे बुद्धिबळाच्या पटावर मांडावी तशी कोरीत. वरच्या ओळीतील अक्षराच्या बरोबर खाली खालच्या ओळीचे अक्षर. त्यामुळे गेलेल्या भागात किती अक्षरे होती ते मोजता येते. आर्कनच्या नावाची सहा अक्षरे गेली असतील तर आठ अक्षरांचे नाव तिथे बसणार नाही. ओल्या कागदाचा जाड थर दगडावर ब्रशने ठोकून त्याचा ठसा घ्यावयाचा, तो वाळला की टेबलावर पसरून मोजावयाचे, अशी ही पद्धत आहे. असा एक ठसा आम्ही हातात धरला आहे. कागद विलक्षण हलका असतो, आणि त्यावर बोट फिरवले की डोळ्यांना न दिसणारी खाच बोटाला लागते.

ह्या दगडांत सर्वांत प्रचंड आहे ती खंडणीची शिळा. मित्रनगरांच्या खंडणीचा साठावा भाग अथीनादेवीला अर्पण होई, आणि ह्या भागाची यादी ४५४-५३ पासून कोरली जाऊ लागली. पहिल्या पंधरा वर्षांच्या याद्या एकाच शिळेवर, चारही अंगांवर आहेत. शिळेची उंची साडेतीन मीटरांहून जास्त. आज तिचे सुमारे १८० तुकडे ज्ञात आहेत, आणि ते प्लॅस्टरमध्ये बसवून ती अथेन्सच्या शिलालेख-संग्रहालयात उभी केली आहे. ह्या याद्यांनाही क्रमांक होते. चौतिसाव्या यादीत आर्कन अरिस्तिओनचे, म्हणजे ४२१-२० चे नाव आहे. तेव्हा तेहतीस मागे मोजले की ४५४-५३ पक्के होते. साठाव्या भागाला साठाने गुणले की नगराची खंडणी निघते. थासोस बेटाचा देवीचा भाग आधी ३०० द्राख्मा आहे, म्हणजे खंडणी तीन टॅलंट. ४४० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास तो ३,००० होतो, म्हणजे तीस टॅलंट. (सहा हजार द्राख्मांचा एक टॅलंट.) समजा, एका सुट्या तुकड्यावर नुसते 'थासोस' आणि पुढे आकडा आहे. आकड्याच्या अक्षरावरून तुकडा आधीचा की नंतरचा हे सांगता येते. थासोसच्या लोकांना ह्या दसपटीबद्दल काय वाटले असेल, ते दगड सांगत नाही.

आता आमच्या मते ह्या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर दगड. सुंदर म्हणजे दिसायला नव्हे. देवळांचा पैसा अथेन्सने युद्धासाठी कर्जाऊ घेतला, आणि हिशेबतपासनिसांनी ४३३ ते ४२२ ह्या अकरा वर्षांच्या कर्जाचे मुद्दल आणि व्याज मांडून ठेवले. एकूण मुद्दल साडेपाच हजार टॅलंटांच्या वर जाते. शेवटच्या चार वर्षांच्या प्रत्येक उचलीपुढे तारीख, मुद्दल आणि व्याज अशा तीन गोष्टी होत्या. आज बऱ्याच ठिकाणी तीनांपैकी एखादी नष्ट झाली आहे. परंतु व्याजाचा दर एकदा हाती आला की दोहोंवरून तिसरी काढता येते. दर असा होता: पाच टॅलंटांना रोज एक द्राख्मा. म्हणजे वर्षाला शेकडा सव्वाच्याही किंचित खाली. देवी फार दयाळू सावकार होती.

उदाहरण करून पाहू. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत त्रैराशिक सोडवले आहे त्यांना हे सहज जमेल. अथेन्सच्या सभेच्या वर्षाचे दहा भाग होते. प्रत्येक भागात एकेका कुळाची अध्यक्षपदाची पाळी असे. एवथुनोस हा आर्कन असताना, म्हणजे ४२६-२५ मध्ये, केक्रोपिस कुळाच्या पाळीत, जी वर्षातील दुसरी, तिच्या चौथ्या दिवशी सेनापती हिप्पोक्रातेस आणि त्याचे सहकारी ह्यांना २० टॅलंट दिले. व्याज ५,६९६ द्राख्मा. वीस टॅलंटांना रोजचे चार द्राख्मा. ५,६९६ ला चाराने भागा. १,४२४ दिवस येतात. त्याच पाळीत, सात दिवस उरले असताना, ५० टॅलंट दिले. व्याज २ टॅलंट १,९७० द्राख्मा, म्हणजे १३,९७० द्राख्मा. रोजचे दहा द्राख्मा. तेव्हा १,३९७ दिवस. दोन उचलींत अंतर सत्तावीस दिवसांचे. पाळीचा चौथा दिवस अधिक सत्तावीस, म्हणजे एकतिसावा दिवस. आणि त्या दिवशी, तो दिवस धरून, सात दिवस उरले होते. म्हणून ही पाळी सदतीस दिवसांची.

इतकेच नाही. पहिली पाळीही सदतीस दिवसांची धरली, तर पहिल्या उचलीपूर्वी चाळीस दिवस गेलेले होते: सदतीस आणि तीन. १,४२४ मध्ये चाळीस मिळवा. चार वर्षांचे १,४६४ दिवस होतात, आणि वर्षाचे ३६६. सभेचे वर्ष चांद्रवर्षाशी जोडलेले नव्हते, ते ३६६ दिवसांचे होते, ही गोष्ट अशा रीतीने व्याजाच्या आकड्यांतून वर आली. अमेरिकन पंडित बेंजामिन मेरिट ह्यांनी १९२८ मध्ये पाचव्या शतकाच्या अथेन्सच्या पंचांगावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्या दगडाचा असाच उपयोग केला. पुढे त्यांचे आणि प्रिचेट ह्यांचे पाळ्यांच्या लांबीवरून दीर्घ काळ खटके उडाले. त्या वादात आज शिरत नाही. आमचे म्हणणे इतकेच की जो तुकडा मुद्दल, व्याज आणि दिवस ह्या तिन्हींच्या कैचीत सापडतो, त्याचे साल आणि दिवस कोणाच्या मतावर अवलंबून राहत नाहीत. पहिली उचल घेणारा हिप्पोक्रातेस पेरिक्लीसचा पुतण्या. तो ४२४ मध्ये डेलियनच्या लढाईत मारला गेला. पण त्याच्या नावच्या पैशावरचे व्याज ४२२ च्या उन्हाळ्यापर्यंत दिवसागणिक चढतच राहिले.

दगडावर व्याज कोरणे आपल्या भागालाही अपरिचित नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे: तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारावर शेकडा पाऊण व्याज. तिथे वर्षाचा आकडा स्पष्ट आहे, पण तो कोणत्या शकाचा ह्याविषयी विद्वानांचे एकमत व्हायला फार काळ लागला. आकडा असूनही साल हुलकावणी देते, ते असे.

आता दुसऱ्या प्रकारचा पुरावा, अक्षरवटिकेचा, म्हणजे अक्षरांच्या वळणांचा. इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

ग्रीक 'सिग्मा' हे अक्षर अथेन्समध्ये आधी तीन रेघांचे कोरीत, पुढे चार रेघांचे. खंडणीच्या याद्यांत आधीच्या वर्षांत दोन्ही वळणे भेटतात. ४४६ च्या सुमारानंतर तीन रेघांचे वळण दिसत नाही. यावरून नियम बसवला गेला: तीन रेघांचा सिग्मा असलेला सरकारी लेख ४४६ नंतरचा असूच शकत नाही. नियम सोयीचा होता. ज्या तुकड्यांवर आर्कन नाही, क्रमांक नाही, शिल्लक नाही, ते तुकडे केवळ ह्या एका अक्षरावरून पेरिक्लीसच्या काळात जाऊन बसले. आम्ही पुष्कळ वर्षे हा नियम विद्यार्थ्यांना जणू गणिताचे प्रमेय म्हणून शिकवला. एका मुलाने विचारले होते, "सर, म्हातारा पाथरवट आपले जुने वळण सोडील का?" आम्ही त्याला हसून खाली बसवले.

नियमाला आव्हान देणारा एकच माणूस बराच काळ उभा होता: हॅरल्ड मॅटिंग्ली हे इंग्रज विद्वान. १९६१ पासून ते सांगत होते की ह्यांपैकी अनेक लेखांचा मजकूर ४२० च्या दशकात शोभतो, ४५० च्या नव्हे. तेव्हा अक्षराच्या नियमालाच तपासा. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. खटल्याचा कस लागला तो सिसिलीतील एगेस्ता नगराशी अथेन्सने केलेल्या तहाच्या दगडावर. दगड झिजलेला. आर्कनच्या नावाची शेवटची दोन अक्षरे तेवढी निःसंशय वाचता येत होती, आणि सिग्मा तीन रेघांचा. मग हाब्रोन वाचा, ४५८-५७. किंवा आरिस्तोन वाचा, ४५४-५३. शेवटी तीच दोन अक्षरे असलेला आणखी एक आर्कन होता, अँटिफोन, ४१८-१७ चा. पण सिग्माच्या नियमाने त्याला दारातच अडवले होते.

१९९० मध्ये चेंबर्स, गालुच्ची आणि स्पॅनोस ह्या तिघांनी दगडावर लेसरचा प्रकाश टाकून त्याची छायाचित्रे संगणकावर उजळून घेतली आणि अँटिफोन हेच नाव वाचले. मोठा गदारोळ झाला. दगडावरील तडे आणि अक्षरे ह्यांची गल्लत झाली, असे म्हणणारेही निघाले. परंतु पुढे पुन्हा दगड तपासला गेला, आणि आज बहुतेक अभ्यासक ४१८-१७ हे साल मानतात. म्हणजे तीन रेघांचा सिग्मा ४४६ नंतर अठ्ठावीस वर्षांनीही एका पाथरवटाने कोरला होता. तो मुलगा बरोबर होता. आमच्या टिपणवहीत त्या पानावर आम्ही तांबड्या शाईने आडवी रेघ मारली, पण ज्यांना शिकवले त्या सगळ्यांपर्यंत ती रेघ काही पोहोचली नाही.

एका अक्षरावरून एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. खंडणीची रक्कम मोहोरबंद पाटीबरोबर पाठवावी, पाटी आणि पैसा ताडून पाहावेत, तफावत करणाऱ्यावर खटला भरावा, असा एक कडक ठराव आहे. तो क्लेइनिआसच्या नावाने ओळखला जातो. सर्व मित्रनगरांनी अथेन्सचीच नाणी, वजने व मापे वापरावीत असाही एक आहे. हे ठराव ४४० च्या दशकातले असतील, तर शांततेच्या काळात, पार्थेनॉन बांधणाऱ्या पेरिक्लीसने मित्रांच्या मानेवर जू ठेवले. ते ४२० च्या दशकातले असतील, आणि आज पुष्कळ अभ्यासक तसे मानतात, तर ते युद्धाने खजिना रिता होत असताना, पेरिक्लीसच्या मृत्यूनंतर क्लेओनसारख्यांच्या सल्ल्याने झाले. आणि नुकत्याच पाहिलेल्या कर्जाच्या दगडावर तो रिता होणारा खजिना दिवसागणिक दिसतोच आहे. कोणाला जबाबदार धरावयाचे, ते सालावर ठरते. जिवंत अधिकाऱ्यांचे हिशेब अथेन्सने तपासले. मेलेल्यांचे आपण तपासतो आहोत, आणि सोसिआसच्या सोबत्यांसारखी चूक आपल्या हातूनही होऊ शकते.

अक्षरांचा पुरावा अगदी टाकाऊ आहे, असे मात्र आम्हांला म्हणावयाचे नाही. ४०३-०२ मध्ये अथेन्सने आयोनियाची वर्णमाला कायद्याने स्वीकारली; दीर्घ 'ए' आणि दीर्घ 'ओ' ह्यांना तेव्हापासून सरकारी लेखांत स्वतंत्र अक्षरे आली. ही सीमा बरीच पक्की आहे. चतुर्थीच्या बहुवचनाचा जुना लांब प्रत्यय ४२० च्या सुमारास मागे पडला, तोही उपयोगी पडतो. स्टीफन ट्रेसी ह्यांनी तर वेगवेगळ्या पाथरवटांचे हात ओळखण्याची पद्धत बसवली; एका हाताने कोरलेले दोन दगड एका माणसाच्या कामाच्या आयुष्यात आले पाहिजेत, म्हणजे वीसतीस वर्षांच्या आत. एवढ्या रुंद मापाने मोजावे आणि तेवढेच सांगावे. अडचण होते ती वीतभर पट्टीने सूत मोजावयाला गेल्यावर.

आणखी एक गोष्ट, जी छापील ग्रंथ वाचणाऱ्याने विसरू नये. संपादक गेलेली अक्षरे भरून काढतात व ती चौकटी कंसांत छापतात. पहिला संपादक कंसात एक नाव घालतो, 'कदाचित' म्हणून. दुसरा ते नाव धरून साल ठरवतो. तिसरा त्या सालावरून दुसऱ्या एका तुकड्यातील रिकामी जागा भरतो. चौथा इतिहास लिहितो, आणि इतिहासात कंस छापायची पद्धत नाही! एगेस्ताच्या दगडाबाबत झाले ते काहीसे असेच. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही अलीकडे एक व्यायाम देतो: छापील लेखातील कंसांतील सगळा मजकूर कागदाच्या पट्ट्यांनी झाकायचा, आणि जे उरेल तेवढेच मोठ्याने वाचायचे. पाच मिनिटांचा लेख कधी कधी अर्ध्या मिनिटात संपतो. हिशेबाच्या दगडावर हा व्यायाम केला तर मात्र एक फरक दिसतो. तिथे कंसातला आकडा बेरजेला लागू पडतो की नाही, ते आपणच करून पाहू शकतो. नुकतेच आपण ते केले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा एक उरलेली गोष्ट सांगून थांबतो. खंडणीच्या त्या मोठ्या शिळेवर ४५४-५३ पासून पंधरा वर्षांच्या पंधरा याद्या हव्यात. मोजल्या तर चौदा भरतात. एक वर्ष नाही, आणि ते ४४९-४८ चे असावे असे पुष्कळांचे मत आहे. कोणी म्हणतात, इराणशी तह झाला म्हणून त्या वर्षी खंडणी माफ झाली. कोणी म्हणतात, खंडणी घेतली, पण देवीचा भाग दुसऱ्या एखाद्या कामाकडे वळवला. आणि कोणी म्हणतात, यादी होती; ती शिळेच्या माथ्यावर बसवलेल्या आणखी एका दगडावर होती, आणि तो दगड गेला. मेरिट आणि प्रिचेट ह्यांनी १९६० च्या दशकात ह्या माथ्याविषयीच लेखावर लेख लिहिले: वर दुसरा दगड बसत होता की नव्हता, वरची बाजू पाथरवटाने कशी सोडली होती, मागची कड कुठे फुटली. प्रश्न एका साम्राज्याने एक वर्ष आपल्या मित्रांना मोकळे सोडले की नाही, हा. आणि त्याचे उत्तर साडेतीन मीटर उंचीवर, प्लॅस्टरच्या वर, हातभर लांबीच्या एका खडबडीत पृष्ठभागात आहे. अथेन्सला जाण्याचा योग आला तर शिलालेख-संग्रहालयात जरूर जावे, आणि ती शिळा पाहताना मान वर करून तिचा माथाही पाहावा.